बाकावर, बोलावण्याची वाट पाहत

सोमवार, ३ मार्च

तोंडात टाचण्या होत्या म्हणून ओरडता आलं नाही. नुसता हात हलवला. तोवर बाबांनी पडदा सरकवला होता आणि मुख्याध्यापिकाबाई एका हातात कोट, दुसरा हात छातीवर, अशा भिंतीकडे वळल्या होत्या. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "आमचं माणूस बाहेर ताटकळलंय. त्याला आधी घ्या."

मी टाचण्या तळहातावर काढल्या. "बाबा, बाहेर कोणी नाही. बसा बघू तुम्ही."

"बसतो. पण आधी त्याला."

बाहेर खरंच कोणी नव्हतं. बाकावर बाबांची जागा आणि शेजारी त्यांचा घडी केलेला रुमाल. बसमध्ये जागा धरायला ठेवतात तसा.

मुख्याध्यापिकाबाई कोट चढवून बाहेर आल्या. मापाचं पुढच्या आठवड्यात बघू म्हणाल्या. मी पुन्हा पुन्हा माफी मागितली.

"अगं, पाळकसाहेबच ते. माझं लग्न त्यांनीच लावलं. पण तेवढी आतून कडी बसव."

पडद्याला कडी कशी बसवायची ते मात्र सांगितलं नाही.

बुधवार, ५ मार्च

बाबा माझे सासरे, जन्मभर चर्चचे पाळक. आमच्याकडे येऊन दोन महिने होतील. अर्धांगाचा झटका आला तेव्हा एकटेच राहत होते. हात सुधारला, पायही बराच सुधारला. आपण कुठे आहोत, हे मात्र अजून त्यांना नीट उमगत नाही.

घर केवढं आमचं. बाहेरच्या खोलीत माझं शिवणकाम: मशीन, कापायचं टेबल, गिऱ्हाइकांसाठी बाक. मग पडदा. पडद्यामागे आरसा आणि माप घ्यायची जागा. त्याच्यामागे स्वयंपाकघर आणि आमचं झोपणं. बाबा दिवसभर बाकावर बसतात. माणसं येतात, वाट बघतात. मी पडद्यामागून नाव घेऊन हाक मारते. माणूस आत जातं. कोणी हसत बाहेर येतं, कोणी तोंड पाडून.

आज टॅक्सीवाला पँट घालून बघून बाहेर आला तर बाबांनी त्याचा हात धरला.

"काय झालं आत?"

"काय होणार, बाबा? वाढलोय म्हणाली."

"आणि?"

"सोडली तिनं. दोन बोटं."

बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. डोळे भरले होते त्यांचे. "सोडलं? आभार मान, बाबा. आभार मान."

टॅक्सीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बिचारा वर बघून म्हणाला, "आभारी आहे."

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं, आपण कुठे आहोत?"

त्यांनी आवाज खाली केला. "न्यायाला बसलोय ना सगळे."

"बाबा, तुम्ही जिवंत आहात. हे आपलं घर आहे. मी तुमची सून."

माझ्याकडे फार मायेनं बघितलं त्यांनी. "सुरुवातीला सगळ्यांनाच तसं वाटतं," म्हणाले.

इस्पितळाचे पांढरे कोट शिवून दांडीवर टांगलेत. त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते. "किती शुभ्र!"

"कोरे आहेत, बाबा. उद्या न्यायचेत."

"कोरे नाहीत. धुतलेले आहेत. कोरं घेऊन कोणी येत नाही इथं."

ह्यांना संध्याकाळी सगळं सांगितलं. हे बूट काढत होते. म्हणाले, "जन्मभर लोकांना त्या बाकावर बसवलं. आता बसू दे की स्वतः."

हे दिवसभर बस चालवतात. गर्दीशी डोकं लावून येतात, म्हणून घरात बोलणं कमी. बाबांशी तर नाहीच. थकवा, दुसरं काय.

शनिवार, ८ मार्च

बाबा आत यायला तयार नाहीत. पडद्यापाशी आले की थांबतात. "मला अजून बोलावलेलं नाही." कोपऱ्यातल्या मोरीत हातपाय धुतात, बाकावरच झोपतात. मी खाली जाड गादी अंथरली, वरून पडले तर लागू नये म्हणून.

पाव दिला तर अर्धा खातात आणि अर्धा त्या रुमालावर ठेवतात. मला भरून आलं. सासूबाई जाऊन सात वर्षं झाली, अजून त्यांची जागा धरून बसलेत. ह्यांना सांगितलं.

"आईसाठी?" हे म्हणाले. "जिवंतपणी तिच्यासाठी अर्धा पाव ठेवलेला आठवत नाही मला."

"अहो, माणूस गेल्यावर कळतं."

"हं. गेल्यावर." आणि उठून बस धुवायला गेले. शनिवारी बस धुवायची त्यांची पाळी नसते.

मला न्यायाच्या दिवसाचं कधी नीट समजलंच नाही. मी लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बाबांनीच शिकवलं. कर्णा वाजेल, कबरी उघडतील, झाडून सगळे उभे राहतील, नावं वाचली जातील. मी विचारलं होतं, एवढ्या माणसांना उभं राहायला जागा कुठली? बाबा हसले नव्हते. "जागेची काळजी नको, नावाची कर," म्हणाले होते. तेव्हापासून मी करते आहे. रोजची प्रार्थना करते, कापडातलं उरलंसुरलं परत देते, कोणाबद्दल वाईट बोलत नाही, म्हणजे बोलले तर लगेच थांबते. तरी खात्री नाही. आणि ज्यांनी मला हे शिकवलं तेच बाकावर बसून थरथरतात. मग माझ्यासारखीनं काय करायचं?

मंगळवार, ११ मार्च

आज घात झाला. बँडवाला कोटाचं माप द्यायला आला. लाल कोट, सोनेरी काठ. काखेत ट्रंपेटची पेटी. बाकावर बसायला गेला तर बाबा म्हणाले, "तिथं नको, जागा धरलीय." मग तो उभाच राहिला आणि वेळ घालवायला पेटी उघडून ट्रंपेट पुसू लागला.

बाबा उठले. सरळ. झटक्यानंतर असे उभे राहिलेले मी पाहिले नव्हते.

"कर्णा," म्हणाले.

"हो, आजोबा. जुना आहे, पण आवाज बघा हं—"

"नको!" बाबा ओरडले. "आत्ता नको. कधी वाजवायचाय?"

बँडवाल्याला वाटलं, कार्यक्रमाचं विचारताहेत. "शनिवारी."

"सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी. मैदानात. तुम्ही पण या."

बाबा खाली बसले. रुमालावर हात ठेवला. त्या जागेकडे बघून हळू म्हणाले, "शनिवारपर्यंत वेळ आहे. घाबरू नकोस."

संध्याकाळी पाव दिला तो सगळाच रुमालावर ठेवला. दूध परत केलं.

गुरुवार, १३ मार्च

कालपासून पाण्याचे दोन घोट, तेही ओठ ओले करायला. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांनी चिमटीत कातडी धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. म्हणाल्या, "रविवारपर्यंत प्यायले नाहीत तर इस्पितळात न्यावं लागेल. सलाईन लावू. नळ्या ओढतील म्हणून हात बांधून ठेवावे लागतील, ते आत्ताच सांगून ठेवते. आणि या वयात तिथून परत येतीलच असं नाही."

"समजावलं तर?"

"मेलेल्याला भूक नसते, असं मला समजावून सांगितलं त्यांनी. तुम्ही बघा प्रयत्न करून."

दुपारी मुख्याध्यापिकाबाई आल्या. मागच्या वेळी राहिलेलं काम आज त्यांनी नीट सांगितलं. डिसेंबरात ऑपरेशन झालं. एक बाजू काढली. शाळेत कोणाला माहीत नाही. कोट असा हवा की कळू नये. मी अस्तराच्या आत कापसाचा थर देऊन कच्चे टाके घातले, आरशासमोर उभं केलं. छान बसला होता. त्या बघत राहिल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. रडतच बाहेर गेल्या. त्यांचं बरोबर आहे, मीच कापूस जरा जास्त भरला होता.

बाबांमध्ये बोलायचं त्राण नव्हतं, तरी त्यांनी हात पुढे केला. बाई त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसल्या, शाळेतल्या मुलीसारख्या.

"रागावला का आत?"

"नाही, पाळकसाहेब. माझं मलाच बघवेना."

"मग रडू नकोस, पोरी. जो आत बसलाय ना, तो आपलाच माणूस आहे. त्याच्याही अंगावर व्रण आहेत. हाताला आहेत, कुशीत आहे. तुझा बघून तो तोंड नाही फिरवणार."

बाईंनी डोळे पुसले. जाताना मला म्हणाल्या, "कापूस काढून टाक. नुसतं साधं अस्तर घाल." एवढं बसवलेलं काम! पण गिऱ्हाईक म्हणेल तसं.

एक गोष्ट समजत नाही. बाबा दुसऱ्याला इतकं धीराचं सांगतात, मग स्वतः का घाबरलेत?

शुक्रवार, १४ मार्च

रात्रभर विचार करून सकाळी ह्यांना म्हटलं, "उद्या शनिवार. मी आजच पडद्यामागून बाबांना बोलावते. या म्हणते, तुमचं सगळं माफ आहे. आत आले की दूध देते."

"म्हणजे खोटं सांगणार?"

"मग काय मरू देऊ?"

"तू कोण तारणारी? शिंपीण ना तू?"

"हो, शिंपीण. माझाच पडदा आहे."

हे टोपी उचलून कामावर गेले. रागावून लिहीत नाही, पण कधीकधी वाटतं, स्वतःचे वडील असून ह्यांना काहीच कसं वाटत नाही.

अकराच्या सुमारास दुकान रिकामं होतं. मी पडद्यामागे उभी राहिले. ही लबाडी आहे का दया, माझं मलाच ठरवता येईना. आवाज जाड करून म्हटलं, "पाळकसाहेब, आत या."

 पुन्हा म्हटलं.

"मी नाही येत," बाबा म्हणाले. "त्याला आधी घ्या. तो आत गेल्याशिवाय मी उठणार नाही. मला बाहेर ठेवलंत तरी चालेल."

मग मी सासूबाईंना हाक मारली.

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी. "तिला काय बोलावता? ती कधीच गेली. तिला विचारण्यासारखं होतं तरी काय?"

माझा आवाज आपसूक माझाच झाला. पडदा सारून बाहेर आले. "मग ही जागा कोणाची, बाबा?"

"थोरल्याची."

माझे थोरले दीर. त्यांना मी पाहिलेलं नाही. लग्नाच्या कितीतरी आधी मोटारसायकलवरून पडून गेले. ह्यांच्या पाकिटात त्यांचा एक फोटो आहे, तेवढीच ओळख.

"मी त्याच्या वेळी ते वाक्य गाळलं," बाबा म्हणाले. "सगळ्यांना म्हटलं. चोराला म्हटलं, सावकाराला म्हटलं. त्याच्या वेळी पुस्तक मिटलं. म्हणून तो इतकी वर्षं बाहेर बसलाय. एकटा. आता मी आलोय सोबतीला."

संध्याकाळी हे आले. मी विचारलं, "कुठलं वाक्य?"

हे हात धूत होते. साबण गेला तरी धूतच राहिले. मग मी इस्त्री करत होते तिथे येऊन उभे राहिले. सांगितलं ते असं.

दादानं चर्चची मंडळी सोडली होती. जेवणाच्या टेबलावर बाबांना तोंडावर म्हणाला होता, तुमचा देव, तुमचा न्याय, काही खरं नाही. बाबा म्हणाले, ज्या दिवशी मत बदलेल त्या दिवशी घरी ये. महिनाभरात अपघात झाला. दफनविधी बाबांनीच केला, दुसऱ्या कोणाला करू दिला नाही. मातीवर माती टाकताना पाळक शेवटी एक वाक्य म्हणतात, हा माणूस पुन्हा उठेल अशी आशा आम्ही धरतो, अशा अर्थाचं. तिथवर आले आणि बाबांनी पुस्तक मिटलं.

"खोटं बोलायचं नव्हतं त्यांना," हे म्हणाले. "आशा नव्हती, तर म्हणणार कसं? मी कडेला उभा होतो. पाळकाच्या घरातली मुलं आम्ही, सगळा विधी पाठ. मी वाट बघत होतो. लोक निघाले तरी मी वाट बघत होतो."

"मग तुम्ही म्हणायचं होतंत."

हे माझ्याकडे असं बघायला लागले की इस्त्री बाजूला ठेवली. कापड पिवळं पडायला आलं होतं.

शनिवार, १५ मार्च

आज नीट लिहिते. 

सकाळपासून बाबा बाकावर ताठ बसले होते. ओठ फुटलेले. मी ओल्या फडक्यानं पुसले तेवढंच. रुमालाच्या जागेवर हात ठेवून काही पुटपुटत होते. दुपारी बँडवाला कोट न्यायला आला. मी रस्त्यातच गाठून म्हटलं, "पेटी उघडू नका, पाया पडते." तो शहाणा माणूस. पेटी पाठीमागे लपवून दारात उभा राहिला. पण बाबांनी पाहिलंच.

"आला," म्हणाले. आणि शेजारच्या जागेला म्हणाले, "माझा हात धर."

तेवढ्यात हे आले. कामाचे कपडे, खिशाला बिल्ला. शनिवारी ह्यांची दुपारची फेरी असते. कोणालातरी बस देऊन आले होते. मला वाटलं पडद्यामागे जातील, मी सकाळी विनवलं होतं तसं. गेले नाहीत. बाकासमोर उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली. रुमालाकडे बघून, दादाचं नाव घेऊन, ते वाक्य म्हटलं.

पहिल्या शब्दाला आवाज फाटला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. सगळं. मधे कुठे अडखळले नाहीत. इतक्या वर्षांनी इतकं पाठ कसं राहिलं, नवल आहे.

बाबांचे ओठ सोबत हलत होते. शेवटी दोघंही आमेन म्हणाले. बँडवालाही म्हणाला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग बाबांनी विचारलं, "आता गेला आत?"

मी डोळ्यांनी ह्यांना खुणावत होते, हो म्हणा, हो म्हणा.

"मला माहीत नाही, बाबा," हे म्हणाले. "मला कसं माहीत असणार? मी फक्त आशा धरली."

मला रडूच आलं. सगळं पाण्यात गेलं असं वाटलं. पण बाबांनी मान हलवली, धडा बरोबर म्हणून दाखवलेल्या मुलासमोर हलवावी तशी.

"तेवढंच असतं," म्हणाले. "तेवढंच आपल्या हातात असतं. निकाल त्याचा. मी निकाल देऊन बसलो होतो."

आणि स्वतःच्या हातानं रुमाल उचलला.

हे तिथं बसले. बाकावर शेजारी शेजारी, दोघंही समोर बघत.   मग बाबांनी शेजारी बघितलं, पहिल्यांदाच दिसल्यासारखं.

"तू कोणासाठी थांबलायस?"

"तुमच्यासाठी."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"मग चल," बाबा म्हणाले. "उगाच उशीर नको."

ह्यांनी त्यांना काखेत धरून उठवलं. मी पडदा धरला. बोलावलं कोणीच नव्हतं, तरी आत गेले. आरशासमोरून जाताना बाबांनी केस सारखे केले. मी कपात दूध ओतलं. कपाला ह्यांनी हात लावला, बाबा प्यायले. कप रिकामा झाला.

बाहेर बँडवाला लाल कोट घालून आरशाशिवाय स्वतःला बघत होता. नाक ओढत म्हणाला, "वाजवू का एकदा, हळू?"

"नको," मी म्हटलं. "शेजारी धावत येतील."

कोटाची उजवी बाही मला अजून जरा आखूड वाटते. तो म्हणाला चालेल.

ह्यांचे डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाले, धूळ गेली. बसचा धंदा, धूळ असायचीच.

रविवार, १६ मार्च

सकाळी बाबांनी आतून हाक मारून चहा मागितला. एक घोट घेऊन म्हणाले, साखर कमी आहे. मी उठायच्या आत हे उठले आणि साखर घालून आले.